लाल रुमाल

‘दे दणादण’ हा चित्रपट आम्ही प्रथम पाहिला तो १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत, डोंबिवलीत, आमच्या इमारतीच्या गच्चीवर. घरटी वर्गणी काढून एका रात्रीपुरता व्हिडिओ भाड्याने आणला होता. सतरंजीवर आमच्या शेजारी आमचा जिवलग मित्र बसला होता. अंगाने किरकोळ, बोलताना किंचित अडखळणारा. त्या रात्रीपासून सारी इमारत त्याला ‘लक्ष्या’ म्हणू लागली. ते नाव आम्हीच ठेवले.

चित्रपट १९८७ चा, दिग्दर्शक महेश कोठारे. कोठारे आणि लक्ष्मीकांत बेर्डे ही जोडी १९८५ च्या ‘धूमधडाका’पासून लोकांच्या परिचयाची झाली होती, येथे ती पोलिसांच्या वेषात आली. एक रुबाबदार, दुसरा धांदरट. या धांदरट हवालदाराला मारुतिरायाच्या कृपेने अचाट शक्ती लाभते. मात्र लाल रंग दृष्टीस पडला की ती नाहीशी होते. ही कल्पना ‘सुपर फझ’ या १९८० च्या परदेशी चित्रपटावरून घेतलेली. पण तिला मारुतीचा आधार मिळताच ती आपल्या मातीतली झाली. मारुती आमच्या देव्हाऱ्यातला नव्हे. तरीही त्या हवालदाराने गुंडांना लोळवले, तेव्हा गच्चीवर सर्वांत मोठी आरोळी आमचीच होती.

अशा चित्रपटांची मोहिनी कशात असते? हाणामारीत नव्हे, विनोदातही नव्हे. ती जोडीत असते. एकटा शूर माणूस परका वाटतो. त्याच्यासोबत एक घाबरणारा, चुकणारा सोबती असला की आपल्यालाही पडद्यावर जागा मिळते.

आज त्याच चित्रपटाकडे पाहताना उणिवाही दिसतात. प्रत्येक पेचावर ठोसा हाच उतारा. पोलिसाने मारले म्हणजे न्याय झाला, ही समजूत हसतहसत मनात उतरते. प्रेमा किरण यांच्यासारखी ठसकेबाज अभिनेत्री असूनही स्त्रीपात्रांच्या वाट्याला मुख्यतः प्रेमप्रकरण आणि गाणी येतात. परंतु आम्हांस सर्वांत अधिक सलते ते निराळेच. फजिती होणारा माणूस पुढच्या प्रसंगात सारे विसरून पुन्हा हसत उभा राहतो. प्रत्यक्षात माणसे विसरत नाहीत.

शाळा ठाण्याला होती. शाळा सुटल्यावर तलावपाळीवर आम्ही दोघे ‘दे दणादण’ खेळत असू. महेश अर्थातच आम्ही. मित्र छाती फुगवून झाडे उपटण्याचा आव आणी, इतर मुले भोवती जमत. आणि नेमक्या त्या क्षणी आम्ही खिशातून लाल रुमाल काढीत असू. तो कोलमडून पडे. मुले पोट धरधरून हसत. हा खेळ वर्षभर तरी चालला असेल.

१६ डिसेंबर २००४ रोजी लक्ष्मीकांत बेर्डे गेले. पन्नाशी नुकतीच ओलांडली होती. त्या दिवशी मित्राला दूरध्वनी करावा असे वाटले, केला नाही.

गेल्या पावसाळ्यात त्याच्या कल्याणच्या घरी गेलो असता त्यानेच हा चित्रपट लावला. तो मनमुराद हसत होता. आम्ही धीर करून म्हणालो, “तुला उगाच लक्ष्या केले. तुलाही महेश व्हावेसे वाटले असेल.”

“छे रे!” तो म्हणाला. “मला लक्ष्याच व्हायचे होते. सगळी ताकद त्याच्याकडे जाते ना! वर्गात धड बोलता येत नव्हते मला. तेवढा एक क्षण माझा असे.” मग पडद्यावरची नजर न हलवता तो हळूच म्हणाला, “फक्त तू तो रुमाल फार लवकर काढायचास.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच उत्तर सुचले नाही. थोड्या वेळाने चष्मा पुसायला खिशात हात घातला. रुमाल पांढराच होता. तरीही तो त्याच्यासमोर बाहेर काढण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.