मुलांचे म्हणणे

जून महिना उजाडला की मुंबईच्या उपनगरांत एक विशेष धांदल सुरू होते. घाटकोपरच्या टेकडीवरील वस्त्यांतून पाठीवर दप्तरे घेतलेली मुले अरुंद पायऱ्यांनी भराभर खाली उतरू लागतात. अंधेरीच्या आणि बोरिवलीच्या बाजारांत वह्यांच्या आणि छत्र्यांच्या दुकानांपुढे गर्दी होते. मुलुंडच्या एखाद्या चाळीत त्याच सुमारास घरातील वडीलधारी मंडळी गंभीरपणे विचार करीत बसलेली असतात. मुलाला कोणत्या शाळेत घालावे? माध्यम मराठी असावे की इंग्रजी? मुलीने आठवीनंतर पुढे शिकावे की घरी धाकट्या भावंडांना सांभाळावे? काका आपले मत देतात, आजी आपले मत देते, शेजारीही मागे राहत नाहीत. ज्याच्या दप्तराविषयी एवढी चर्चा चाललेली असते, तो मात्र दाराच्या चौकटीला टेकून मुकाट्याने ऐकत असतो. त्याला कोणी काही विचारीत नाही.

या न विचारण्यात दुष्टपणा नसतो. पहाटेची लोकल पकडून दिवसभर राबणाऱ्या बापाला वाटते, की आपण खाल्लेल्या खस्ता मुलाच्या वाट्याला येऊ नयेत. लेकराला जगाचा अनुभव नाही, मग त्याला काय विचारायचे, असे आईला वाटते. दोघांच्याही मनात मायाच असते. तथापि, ‘ज्याचे जळते त्याला कळते’ असे जुनी माणसे म्हणत आली आहेत. वर्गात बसायचे असते ते मुलाला, अभ्यास करायचा असतो तोही त्यालाच. निर्णय घेताना त्याचेच म्हणणे ऐकले नाही, तर तो निर्णय कितीही मायेने घेतलेला असला तरी अपुरा राहतो.

हे किती खरे आहे, ते याच मुंबईने फार पूर्वी पाहिले आहे. १८६४ साली मुंबईत रखमाबाईंचा जन्म झाला. त्या काळच्या रीतीप्रमाणे अकराव्या वर्षी त्यांचे लग्न लावून देण्यात आले. लग्नाला त्यांची संमती आहे काय, असे त्या कोवळ्या मुलीला कोणी विचारले नाही. लग्नाबरोबर शाळाही सुटली. परंतु शिकण्याची ओढ सुटली नाही. त्या माहेरीच राहिल्या आणि मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून घरी वाचू लागल्या. पुढे पतीच्या घरी नांदावयास जाण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी ठाम नकार दिला.

१८८४ साली पतीने न्यायालयात दावा लावला. १८८५ साली पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला. त्याच वर्षी त्यांनी आपले नाव न देता वर्तमानपत्रात पत्रे लिहिली. ज्ञान ही आपल्याला सर्वांत प्रिय असलेली गोष्ट आहे आणि बालविवाहाची रूढी नेमकी तिच्याच आड आली, अशी व्यथा त्यांनी त्या पत्रांतून मांडली. परंतु अपिलात तो निकाल टिकला नाही. मार्च १८८७ मध्ये न्यायालयाने आज्ञा केली, की त्यांनी पतीच्या घरी जावे, अन्यथा सहा महिन्यांची कैद भोगावी. तेव्हा, आपण कैद पत्करू, परंतु ज्याला संमती दिली नाही तो संसार पत्करणार नाही, असे त्या तरुण स्त्रीने निर्भयपणे सांगितले.

कैदेची वेळ आली नाही. १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि वाद मिटला. दुसऱ्याच वर्षी रखमाबाई वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. १८९४ साली त्यांचे शिक्षण पूर्ण झाले. स्वदेशी परतल्यावर त्यांनी सुरत आणि राजकोट येथे दीर्घकाळ रुग्णांची सेवा केली. १९५५ साली त्यांचे निधन झाले. अकराव्या वर्षी जो प्रश्न घरात कोणी विचारला नाही, त्याचे उत्तर त्यांना पुढे भर न्यायालयात द्यावे लागले, आणि तेही तुरुंगाचे भय समोर असताना!

आजच्या मुलांना एवढी किंमत मोजावी लागू नये, म्हणून कायदा त्यांच्या पाठीशी उभा राहिला आहे. १९८९ साली संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार संमत केला. ज्या गोष्टींचा मुलाच्या जीवनावर परिणाम होतो, त्यांविषयी त्याला आपले मत मांडता यावे आणि त्याचे वय व समज पाहून त्या मताला योग्य ते वजन दिले जावे, असे या करारात म्हटले आहे. १९९२ साली भारताने तो स्वीकारला. बालविवाह झालाच, तर सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत तो रद्द करून मागण्याचा हक्क २००६ च्या कायद्याने दिला आहे. १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मिळाला. मुलाला भयमुक्त वातावरण मिळावे आणि त्याला आपले विचार मोकळेपणाने मांडता यावेत, हेही त्या कायद्यात लिहिलेले आहे. महाराष्ट्रात शाळा व्यवस्थापन समितीत पालकांबरोबर विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींनाही स्थान दिलेले आहे.

या स्थानाचे मोल मोठे आहे. मुली पहिल्या तासाला उशिरा का येतात, असा प्रश्न समितीपुढे आला, तर मोठी माणसे शिस्तीच्या गोष्टी बोलतील. परंतु टेकडीवर राहणारी एखादी विद्यार्थिनी सहज सांगेल, “आमच्या नळाला त्याच वेळी पाणी येते. हंडे भरल्याशिवाय आम्हांला निघता येत नाही.” त्या एका वाक्याने साऱ्या प्रश्नाचे रूप पालटून जाईल.

मात्र हक्क म्हणजे हट्ट नव्हे. एखाद्या मुलाला शासकीय चित्रकला परीक्षेला बसावयाचे आहे आणि चित्रांपायी गणित मागे पडेल अशी वडिलांना भीती वाटते आहे, असे समजा. तो रुसून जेवला नाही, तर तो हट्ट झाला. परंतु गणितासाठी कोणता वेळ राखून ठेवला आहे, हे वेळापत्रक करून त्याने दाखविले, वडिलांची शंका ऐकून घेतली आणि नंतर आपले म्हणणे मांडले, तर तो हक्काचा खरा उपयोग झाला. कदाचित त्याची इच्छा पूर्ण होईल, कदाचित होणारही नाही. पण निर्णय कसा झाला, हे त्याला कळलेले असेल.

मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याची हमी चौदा वर्षांपर्यंतच आहे. पुष्कळशा मुलींची शाळा सुटण्याचा धोका नेमका त्यानंतरच अधिक असतो. तेथे कायद्याइतकाच घरातील एका साध्या प्रश्नाचा आधार लागतो. पुढच्या जूनमध्ये त्या चाळीत पुन्हा चर्चा सुरू होईल. दाराशी उभ्या असलेल्या मुलीकडे वडिलांचे लक्ष जाईल. “अशी दूर का उभी? ये, येथे बैस आणि तुला काय वाटते ते सांग,” असे ते म्हणतील, तर ती प्रथम थोडी अडखळेल. पण एकदा बोलू लागली, म्हणजे ती आठवीनंतरच्या शाळेविषयी बोलेल, आणि घरातील सर्वांना ते ऐकावे लागेल.