चिंचेखालची जमीन

कंदमुळं खायची नाहीत, हे आमच्या घरातल्या पोरींना बोलता येण्याआधीच समजतं. बटाटा नको, कांदा नको, गाजर नको. पण परसातल्या चिंचेची मुळं कुठवर गेलीत, असं विचारलं तर एकीलाही सांगता यायचं नाही.

आमच्या बेळगावच्या घरी हा प्रश्न आला तो थोरल्या भाऊजींच्या गुडघ्यांमुळं. त्यांना जिना चढवेना. म्हणून परसात एक खोली आणि न्हाणीघर बांधायचं ठरलं. गवंड्यानं दोरी धरली आणि चिंचेकडं बोट केलं. "वैनी, हे काढाय लागतंय. उद्या पाया फोडणार बघा." चिंच आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी लावलेली. त्या काही बोलल्या नाहीत, जपाची माळ ओढत राहिल्या.

खणून बघावं तर मुळंच तुटणार. शिवाय चातुर्मास महिन्यावर आलेला. ओल्या मातीत कुदळ घातली की किती जीव जातात, ते आत्तींना सांगावं लागत नाही.

माझा भाचा रस्त्याखालच्या पाइप-केबली शोधायच्या कामावर आहे. त्याचं यंत्र म्हणजे ग्राउंड पेनिट्रेटिंग रडार. नाव एवढं मोठं, पण दिसायला बाळाच्या ढकलगाडीसारखं. ते जमिनीत रेडिओलहरी सोडतं. वाटेत ओल बदलली, मातीपेक्षा वेगळं काही लागलं, की लहर परत फिरते. परतायला लागलेल्या वेळावरून खोली काढायची. पडद्यावर मूळ काही मुळासारखं दिसत नाही, पालथ्या वाटीसारखी कमान दिसते. पाइपही तशीच दिसते! म्हणून तो हातभर अंतरानं रेघा धरून फिरला. पाइप सरळ जाते, मूळ वळतं आणि बारीक होत जातं.

"मामी, उन्हाळा आहे म्हणून बरं," तो म्हणाला, "ओल्या काळ्या मातीत लहर विझून जाते." म्हणजे अथणीकडं, माझ्या माहेरच्या रानात, पावसाळ्यात हे यंत्र आंधळंच! बोटाएवढी बारीक मुळं यात दिसणार नाहीत, हेही त्यानं न विचारता सांगितलं. झाडाला पाणी पाजतात ती तर त्याहून बारीक. माझा त्याच्यावर विश्वास बसला तो इथंच.

झाड वर जेवढं तेवढंच खाली, असा आम्हा सगळ्यांचा समज. पण मोठ्या झाडांची बहुतेक मुळं वरच्या तीन-चार फुटांतच असतात आणि सावलीच्या कितीतरी बाहेर पसरतात. भाच्यानं फक्कीनं रेघा ओढल्या. तीन जाड मुळं निघाली. दोन बोळाकडं गेलेली, तिसरं नेमकं खोलीच्या कोपऱ्याखाली.

मग बोलणं बदललं. झाड ठेवायचं की काढायचं हे मागं पडलं, खड्डे कुठं घ्यायचे यावर वाद सुरू झाला. सलग पाया सोडला, मुळं चुकवून चार खांब घेतले, वरून तुळई. ते खड्डे हातानं, हळू खणले. न्हाणीघर दुसऱ्या बाजूला गेलं. "पुढं मला बोल लावू नका," गवंडी म्हणाला.

खोली तीन फुटांनी अरुंद झाली. भाऊजींचा पलंग आडवा लावावा लागतो आणि ते रोज तसं बोलून दाखवतात. त्यांचंही खरं आहे, घर त्यांचंही आहे. बारीक मुळं किती तुटली ते दोन-तीन वर्षांनी शेंड्यावर दिसेल म्हणे. यंदा पालवी आली आहे. बोळाकडची एक फांदी अजून उघडीच आहे.