दुसऱ्यांदा हळद

वसमत तालुक्यातल्या माणसाला हळद जन्मभर लागलेली असते. मे-जूनमध्ये लावायची, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायची. मग शिजवणं, 15 दिवस उन्हात वाळवणं, ढोलात घालून पॉलिश. लहानपणी वाळवण खालीवर करायचं काम माझ्याकडं असायचं. पिवळे तळहात घेऊनच शाळेत जायचे. पुढं लग्नात तीच हळद लागली, आणि नवरा गेल्यावर तीच बंद झाली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं करत बायका माझ्या दारावरून पुढं जायच्या. त्यांच्या करंड्यात हळद मात्र माझ्याच शेतातली. हा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. ती बातमी मी आत्याबाईंना, माझ्या सासूला, वाचून दाखवली. त्याही विधवाच. म्हणाल्या, "लई उशीर केला माय."

त्याआधी आम्ही दोघी 'अग्गंबाई सासूबाई' बघायचो. 2019 साली झी मराठीवर सुरू झालेली मालिका. निवेदिता सराफांची आसावरी, गिरीश ओकांचे अभिजित राजे. लग्न झालेल्या मुलाची विधवा आई पुन्हा प्रेमात पडते. आत्याबाई पदराआड हसायच्या, पण जाहिराती लागल्या तरी जागच्या हलायच्या नाहीत. 2021 साली पुढचा भाग आला, 'अग्गंबाई सूनबाई', आणि गोष्ट सुनेच्या संसाराकडं वळली. मला वेगळंच बघायचं होतं. दुसऱ्या संसारात पहिल्या माणसाची आठवण कुठं ठेवतात?

ते कळलं हळद शिजवायच्या कुकरपाशी. कुकर घेऊन एक गृहस्थ दरवर्षी आमच्या शेतात येत. त्यांची बायको गेलेली. हळकुंड शिजलं की काडी सहज आरपार जाते. मी टोचून बघत होते. ते म्हणाले, "आमच्या घरातली नुसत्या वासावर सांगायची." मग ते तिच्याबद्दलच बोलत राहिले. मीही माझ्या नवऱ्याबद्दल बोलले, तो गेल्यापासून पहिल्यांदाच इतकं. त्या दिवशी हा माणूस मला आवडला. तिला विसरला असता तर आवडला नसता.

आम्ही लग्न करायचं ठरवलं, तसं मुलीला फोनवर सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, "आणि पप्पांचा फोटो?"

"सोबत नेणार. तिकडं भिंतीवर त्यांच्या बायकोचा आहे, त्याच्या शेजारी लावू."

आत्याबाईही माझ्याबरोबर येणार, हे मी आधीच ठरवून घेतलंय. बाकीचं त्यांनी ठरवलं. "हळद मीच लावणार," म्हणाल्या. "बघू कोण अडवतंय."