दोन अर्जुन्या आणि एक संगणक

गोंदिया जिल्ह्यात दोन अर्जुन्या आहेत आणि दोन्ही तालुक्यांची ठाणी आहेत. एक मुंबई-कोलकाता महामार्गावरची, म्हणून सडक अर्जुनी. दुसरी गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या लोहमार्गावरची. शेजारच्या मोरगावाचे नाव आपल्या नावाला जोडून ती अर्जुनी मोरगाव झाली. बाहेरगावच्या माणसाने पाकिटावर नुसते 'अर्जुनी' लिहिले की पुढचे सारे टपालखात्याच्या अंतर्ज्ञानावर सोडावे लागते. येथील माणूस मात्र नुसते 'अर्जुनी' क्वचितच म्हणतो. आधी सडक, मग अर्जुनी, असा त्याच्या तोंडी नावाचा क्रम आहे. दोन सारख्या वस्तूंत भेद कसा करावा, या प्रश्नाला त्याने कुणालाही न विचारता दिलेले हे उत्तर आहे: ती कोठे आहे ते सांगावे.

या उत्तराची थोरवी आम्हांस कळली ती भाषाशास्त्राच्या ग्रंथातून नव्हे, तर एका जुन्या संगणकाच्या प्रारंभाच्या वेळी पडद्यावर उमटणाऱ्या ओळींतून. साहित्याच्या वाचकांपुढे लिनक्सच्या नेटवर्क कार्डांची कथा मांडणे धार्ष्ट्याचे आहे हे आम्ही जाणतो. तथापि ही कथा मुळात नावांची आहे, आणि नावे हा आपलाच प्रांत आहे.

काही वर्षांपूर्वी सडक अर्जुनीतील एका वाचनालयात आमचे नित्य जाणे-येणे होते. मराठीच्या अध्यापकाला जेथे ग्रंथ तेथे बसायला जागा मिळते आणि जेथे संगणक तेथे त्याच्याकडे आशेने पाहिले जाते. तेथे विद्यार्थ्यांसाठी आठ संगणक होते. त्यांच्यापुढे, वेशीवर बसवलेल्या कोतवालासारखा, नववा एक जुना संगणक लिनक्सवर चालत असे. त्याच्या पोटात दोन नेटवर्क कार्डे होती: एक मूळ बोर्डावरच बसलेले, दुसरे खाचेत वेगळे घातलेले. खाचेतल्या कार्डातून तार बाहेर, इंटरनेटकडे जाई. बोर्डावरच्या कार्डातून आत, त्या आठ संगणकांकडे. बाहेरून आलेले आत पोचवायचे आणि आतून निघालेले बाहेर, एवढेच त्याचे काम. आणि या साध्या कामात तो काही सकाळी संपूर्ण नापास होई.

'काही सकाळी' हे शब्द महत्त्वाचे. यंत्र रोज बिघडले तर माणूस ते दुरुस्त करतो. कधीच बिघडले नाही तर विसरतो. मधल्या अवस्थेत तो कर्मकांड निर्माण करतो. येथील कर्मकांड असे होते की नेट चालले नाही तर तो नववा संगणक बंद करून पुन्हा चालू करावा. तरीही न चालल्यास पुन्हा एकदा. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस तो बहुधा चाले. वाचनालयाच्या शिपाईभाऊंचा या विधीवर इतका विश्वास बसला होता की नेट सुरळीत असले तरी ते सकाळी आल्याबरोबर यंत्र दोनदा बंद-चालू करीत. म्हणजे चालत असलेले नेटही कधी कधी त्यांच्याच हातून जाई. विचारले तर म्हणत, "काल कोनीच हात लावला नाही जी, तरी बिघडलं." त्यांचे खरेच होते. हात कोणीही लावला नव्हता.

हा गमतीचा विषय राहिला नाही तो रोवणीच्या दिवसांत. महाविद्यालयीन प्रवेशाचे अर्ज भरण्याची मुदत आणि धानाची रोवणी यांची गाठ आमच्या भागात दरवर्षी पडते. खेड्यावरून एस.टी.ने आलेली मुलगी त्या दिवसाची मजुरी बुडवून येते. बांधीतला चिखल पायांवर वाळलेला असतो आणि हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुणपत्रिका. तिला 'थोड्या वेळाने ये' असे सांगण्यात जे अंतर्भूत आहे ते वेळापत्रक आखणाऱ्यांना दिसत नाही. त्या सकाळी अशा नऊ-दहा मुली पायरीवर बसल्या होत्या, मुदतीचे दोन दिवस उरले होते, आणि तिसऱ्यांदा चालू केलेला कोतवाल पडद्यावर एकच ओळ दाखवीत उभा होता: नेटवर्क उभे करण्याचे काम चालू आहे. शेजारी सेकंद मोजले जात होते आणि पाच मिनिटांची कमाल मुदत लिहिलेली होती. पाच मिनिटे संपली, यंत्र सुरू झाले. नेट मात्र नव्हते.

प्रथम ज्याच्यावर संशय घ्यावा ती तार निर्दोष होती. दोन्ही कार्डांवरचे हिरवे दिवे लागलेले होते. 'आयपी लिंक' ही आज्ञा दिली तर दोन्ही कार्डे जागी असल्याचे उत्तर आले. हीच फसवणूक होती. दिवा एवढेच सांगतो की तारेच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी आहे. ते कोण, हे तो सांगत नाही.

येथे आमच्या विषयाचे शिक्षण उपयोगी पडले, असे म्हणण्याचा मोह आवरत नाही. लिनक्स प्रत्येक प्रारंभाची दैनंदिनी ठेवतो: कोणत्या क्षणी कोणता ड्रायव्हर जागा झाला, कोणाला कोणते नाव मिळाले, कोणती सेवा उभी राहिली. मागील प्रारंभांच्या दैनंदिन्याही जपून ठेवायची सोय असते आणि त्या यंत्रावर ती केलेली होती. 'जर्नलसीटीएल' या आज्ञेने आम्ही दोन काढल्या: एक चालू दिवसाची, एक बिघडलेल्या सकाळची. आणि हस्तलिखितांच्या दोन प्रती शेजारी ठेवून पाठभेद शोधावेत तसे ओळीला ओळ लावत गेलो. दोन प्रती जेथे पहिल्यांदा फुटतात तेथेच घोटाळ्याचे मूळ असते, हा पाठचिकित्सेचा अनुभव येथेही खरा ठरला. चांगल्या दिवशी बोर्डावरचे कार्ड आधी नोंदले गेले होते आणि त्याला 'ईथ०' हे नाव मिळाले होते. खाचेतले क्षणभर मागाहून आले आणि 'ईथ१' झाले. वाईट दिवशी क्रम उलटा होता. दोघांत सेकंदाच्या काही शतांशांचेच अंतर होते. पुढच्या शेकडो ओळी मग एका अदलाबदलीचे पडसाद होत्या.

कारण पुढची सारी मांडणी नावांवर विसंबून होती. एका फाइलीत लिहिले होते की 'ईथ१' म्हणजे बाहेर, तेथून पत्ता मागून घ्यावा. 'ईथ०' म्हणजे आत, तेथे पत्ते वाटावेत. ज्या सकाळी नावे बदलत, त्या सकाळी यंत्र आतल्या आठ मुक्या संगणकांकडे पत्ता मागत पाच मिनिटे उभे राही, आणि पत्ते वाटणारी सेवा बाहेरच्या तारेकडे तोंड करून बसे. घरधन्याने ओसरीला माजघर समजून पाहुण्याकडेच चहा मागावा तसा हा प्रकार. प्रत्येक भाग आपले काम चोख करीत होता. आज्ञेत चूक नव्हती, तारेत नव्हती, कार्डांत नव्हती.

क्रम का बदलावा? कर्नल जागा झाल्यावर निरनिराळ्या कार्डांचे ड्रायव्हर एकामागून एक नव्हे, तर समांतर चालवले जातात, कारण प्रारंभ लवकर व्हावा. जो आधी पोचला त्याला शून्य, नंतरच्याला एक. ही पद्धत लिनक्सच्या आरंभकाळापासूनची. यंत्रात एकच कार्ड असे तोवर तिच्यात खोट नव्हती. एकुलत्या एका मुलाला थोरला म्हटले काय, धाकटा म्हटले काय. दोन झाली की 'आधी आला तो थोरला' हा नियम पंगतीत पाट बळकावण्यासारखा होतो. पुढे 'यूडेव्ह' या व्यवस्थेने एक तोडगा काढला होता: प्रत्येक कार्डाचा जन्मजात क्रमांक, म्हणजे मॅक पत्ता, वहीत लिहून ठेवायचा आणि पुढच्या खेपेस तेच नाव परत द्यायचे. त्याने नवीच अडचण आली. कर्नल ज्या 'ईथ' मालिकेतून नावे वाटतो, त्याच मालिकेतली नावे ही व्यवस्था मागाहून फिरवू पाही. अदलाबदल करताना दोघांचा धक्का लागला तर एखादे कार्ड 'रिनेम३' अशा तात्पुरत्या नावावरच अडकून पडे: जुने नाव सुटलेले, नवे मिळालेले नाही. व्याकरणात याला काय म्हणावे, आम्हांस सुचत नाही.

जानेवारी 2013 मध्ये सिस्टमडीच्या 197 व्या आवृत्तीने हा वाद मुळातूनच सोडवण्याचा प्रयत्न केला. नाव आगमनाच्या क्रमावरून द्यायचे नाही, स्थानावरून द्यायचे. 'ईएनपी३एस०' हे दिसायला ओबडधोबड नाव प्रत्यक्षात एक पत्ता आहे: ईथरनेट, पीसीआयची तिसरी वाहिनी, शून्य क्रमांकाची खाच. कार्ड आधी जागे होवो वा मागाहून, ते जेथे बसले आहे तेथेच बसलेले असते. आम्ही हे वाचले तेव्हा खिडकीबाहेर महामार्गावरून ट्रक जात होते, आणि ही युक्ती या गावाला नाव ठेवणाऱ्यांना आधीच ठाऊक होती हे लक्षात येऊन हसू आवरले नाही. महानुभावांच्या 'स्थानपोथी'चीही आठवण झाली. चक्रधरस्वामींच्या वास्तव्याने पावन झालेल्या जागा तिने गावोगावच्या दिशांनिशी नोंदवल्या. दिशा आणि शेजार टिपून ठेवले की आठवणीला पत्ता राहतो, हे तिच्या कर्त्याला ठाऊक असले पाहिजे.

मग आमच्या यंत्रात ही नवी पद्धत का नव्हती? होती, पण कोणीतरी ती बंद केली होती. प्रारंभाच्या आज्ञेत 'आयएफनेम्स बरोबर शून्य' अशा अर्थाचा एक शब्दसमूह घातलेला होता. जुन्या फाइलींत 'ईथ०' आणि 'ईथ१' लिहिलेले, नवी नावे त्यांच्याशी जुळेनात, तेव्हा फाइली बदलण्याऐवजी नावेच जुनी करून घेतली. हा उपाय मार्गदर्शक लेखांत सर्रास सांगितला जातो, आणि एका कार्डाच्या यंत्रात तो बिनधोक आहे. दोन कार्डांच्या यंत्रात तो जुगार आहे. हा जुगार पुष्कळदा जिंकत असल्यामुळेच 'दोनदा बंद-चालू' हा मंत्र सिद्ध झाला होता. प्रत्येक पुनरारंभ म्हणजे फाशांचे नवे दान. भारनियमनाच्या दिवसांत दिवसाला तीन-चार दाने पडत.

त्या सकाळी मुली बसलेल्या असताना आम्ही मूळ दुरुस्ती केली नाही. दोन्ही तारा एकमेकींच्या जागी लावल्या आणि सेवा पुन्हा चालू केल्या. नावे फिरली होती, म्हणून तारा फिरवल्या. पंधरा मिनिटांत पहिला अर्ज गेला. हा उपाय पुढच्या प्रारंभापर्यंतच टिकणारा होता, म्हणून दुपारी शेवटचा अर्ज जाईपर्यंत त्या यंत्राच्या बटनाजवळ कोणालाही फिरकू दिले नाही. भाऊंना ते बरेच जड गेले.

संध्याकाळी स्वतः नावे ठेवायला बसलो. सिस्टमडीत त्यासाठी छोटी फाइल लिहावी लागते: अशी खूण असलेले कार्ड दिसले तर त्याला हे नाव द्यावे. नाव 'ईथ' मालिकेबाहेरचे असावे, नाहीतर कर्नलशी पुन्हा तोच धक्का. बाहेरच्या कार्डाला 'सडक' आणि आतल्याला 'अंगण' म्हणावे, यावर ग्रंथपालांचे आणि आमचे तत्काळ एकमत झाले. देवनागरीत लिहिण्याची हौस होती. कर्नल कार्डाच्या नावाला पंधरा बाइटांहून अधिक जागा देत नाही, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'सडक' नऊ बाइटांत बसते. 'अर्जुनी'ला मात्र रफार, उकार, वेलांटी धरून एकवीस लागतात. म्हणजे कर्नलच्या हिशेबाने या गावाचे पहिलेच पद चालले असते! परंतु सिस्टमडी रोमीखेरीज अक्षर नावात घेत नाही. शेवटी रोमीत 'सडक' लिहिले. उच्चार तरी आपला राहिला.

खूण कोणती द्यावी, यावर मात्र थोडा खल झाला. मॅक पत्ता द्यावा की खाचेचे स्थान? मॅक ही व्यक्तीची ओळख: कार्ड कोणत्याही खाचेत हलवा, नाव त्याच्याबरोबर जाईल. स्थान ही जागेची ओळख: त्या खाचेत जो बसेल तो 'सडक'. स्थानही अढळ नसते, हे आम्हांस ठाऊक आहे. यंत्रात आणखी एखादे कार्ड घातले तर वाहिन्यांचे क्रमांक सरकू शकतात. दारावरून जाणारा महामार्गही सहा क्रमांकाचा होता, 2010 च्या फेरक्रमांकनानंतर तो 53 झाला. तरीही आम्ही स्थानच निवडले, आणि कारण अगदी स्थानिक होते. आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडाशी विजा पडतात आणि बाहेरच्या तारेला लागलेली कार्डे जळतात. खाचा हलवायला येथे कोणाला सवड नाही. कार्डे मात्र बदलावी लागतात. मॅकवर विसंबलो असतो तर नवे कार्ड आले की ते नाव कोणाचेच राहिले नसते, आणि फाइल उघडून नवा क्रमांक लिहिणारा माणूस तेव्हा गावात असेलच असे नाही.

जुन्या फाइलींतून 'ईथ०' आणि 'ईथ१' शोधून काढायला रात्र झाली. सात ठिकाणी सापडले, त्यांतले एक टिपणीत होते, ते राहू दिले. नंतर यंत्र ओळीने बारा वेळा बंद करून चालू केले. बाराही वेळा दोघे आपापल्या जागी होते, आणि दैनंदिनीत कधी अंगण आधी जागे झाले, कधी सडक.

पुढच्या जूनमध्ये आम्ही नागपुरास असताना वीज पडली आणि बाहेरचे कार्ड गेले. भाऊंनी साकोलीहून नवे मागवले, वेगळ्या बनावटीचे, आणि जुने उपसून त्याच खाचेत बसवले. फोनवर त्यांनी एवढेच सांगितले: "एकदाच चालू केलं जी, लागली."