गाडी ओढत नाही

बँकेतून निवृत्त झाल्यावर ज्या थोड्या सवयी माझ्याबरोबर घरी आल्या, त्यांतील एक म्हणजे नोंदवही. २०१३ साली घेतलेल्या माझ्या डिझेल गाडीचीही अशी एक वही आहे. कोणत्या तारखेस किती लिटर डिझेल भरले, त्या वेळी किलोमीटरचा आकडा काय होता, ऑइल केव्हा बदलले, टायर केव्हा घेतले, हे सारे तीत शाईने लिहिलेले सापडते. घरातील मुले या वहीला हसतात. गेल्या वर्षी मात्र हीच वही मला दोन महिने काही सांगत होती आणि मी ते वाचले नाही. लिटरला वीस किलोमीटर जाणारी गाडी आधी एकोणीसवर, मग अठरावर आणि पुढे सतरावर आली होती. मी आकडे लिहीत गेलो. त्यांचा अर्थ लावला नाही.

ऑक्टोबरात आम्ही रत्नागिरीहून कोल्हापूरला परत येत होतो. शेजारी पत्नी, मागे चार वर्षांची नात झोपलेली. साखरपा मागे टाकून आंबा घाट चढू लागलो तेव्हा ऊन उतरले होते. पुढे चिऱ्यांनी भरलेला ट्रक कण्हत चढत होता. रस्त्याचा सरळ तुकडा दिसला, समोर कोणी नव्हते, म्हणून मी तिसऱ्या गिअरमध्ये ट्रकच्या बाजूला गाडी काढली. निम्मा ट्रक ओलांडला असेल-नसेल, तोच गाडीचा दम गेला. ॲक्सिलरेटर तळाला टेकला होता, पण वेग वाढण्याऐवजी उतरू लागला. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. त्याच वेळी वरच्या वळणावरून एस.टी. खाली येताना दिसली.

"अहो!" एवढेच पत्नी म्हणाली.

ब्रेक दाबून मी पुन्हा ट्रकच्या मागे आलो. एस.टी. जवळून निघून गेली. पुढे जरा रुंद जागा पाहून गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. माझे हात थरथरत होते. नात जागी झाली नव्हती. पाच मिनिटांनी किल्ली फिरवली तर गाडी काही घडलेच नाही अशी चालू झाली. पुढच्या मोठ्या चढावर पुन्हा तेच. मलकापूरपर्यंत आम्ही बैलगाडीच्या चालीने आलो.

आता माझ्या हातून जे झाले ते सांगतो. आठच दिवसांपूर्वी उद्यमनगरातील एका लहान गॅरेजमध्ये गाडीची सर्व्हिसिंग झाली होती. ते गॅरेज चालवणारा मुलगा तिशीच्या आतला. ऑइल, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर त्यानेच बदलले होते. घरी पोहोचताच मी त्याला फोन केला आणि तो काही बोलण्याआधीच सुनावले, "तुझ्या हलगर्जीपणामुळे आज आम्ही तिघे मेलो असतो." तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, गाडी घेऊन या की. बघतो." मी फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या वर्कशॉपमध्ये गेलो. तेथे स्वागतकक्ष होता, चहा होता, गणवेशातील सल्लागार होता. त्याने स्कॅनर जोडला, पडद्यावर 'पी ०२९९' असा कोड आला आणि दहा मिनिटांत निदान झाले, "टर्बो गेलाय, सर." एस्टिमेट बासष्ट हजारांचे होते. मी विचारले, "टर्बो उघडून पाहिला का?" उत्तर आले, "स्कॅनरवरच आलंय ना!" दोन दिवसांत कळवतो असे सांगून मी बाहेर पडलो.

घरी येऊन टर्बो म्हणजे काय ते समजून घेण्यास बसलो. वाणिज्य शाखेच्या माणसाला यंत्राचे ज्ञान बेताचेच. पण हिशेब कोणत्याही विषयाचा असो, तो कळतो. एक किलो डिझेल पूर्ण जळण्यास सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. इंजिनाला जितकी हवा मिळेल तितकेच डिझेल नीट जळणार आणि तितकीच ताकद मिळणार. ही हवा दाबून आत भरावी आणि त्यासाठी धुराबरोबर वाया जाणारी शक्तीच वापरावी, ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची. तिचे पेटंट १९०५ सालचे आहे. बाहेर पडणारा तप्त धूर एक चाक फिरवतो. त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा ओढून दाबते. ही हवा रबरी नळीतून इंटरकूलरमध्ये थंड होते आणि इंजिनात जाते. लहान गाडीच्या टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, तेही तेलाच्या पातळ थरावर तरंगत.

आणि 'पी ०२९९' या कोडचा अर्थ? जितका हवेचा दाब मागितला तितका मिळाला नाही, एवढाच. का मिळाला नाही, हे तो कोड सांगत नाही. टर्बो निकामी झाला असेल. एअर फिल्टर तुंबला असेल. नळी फाटली असेल किंवा तिची क्लिप सैल झाली असेल. टर्बोचा दाब आवरणारी झडप अडकली असेल. दाब मोजणारा सेन्सर काजळीने माखून चुकीचा आकडा देत असेल. अशी तूट दिसताच गाडीचा संगणक इंजिन सांभाळण्यासाठी डिझेल कमी करतो. गाडी ओढत नाही ती त्यामुळे. किल्ली बंद करून पुन्हा फिरवली की तो नव्याने सुरुवात करतो आणि पुढच्या चढावर तूट दिसताच पुन्हा हात आखडतो.

हे वाचत असताना मला १९८४ सालची एक संध्याकाळ आठवली. मी नवा अधिकारी होतो. शाखेची रोकड २७० रुपयांनी कमी भरत होती. रात्रीचे साडेनऊ झाले होते. मी सर्वांसमक्ष कॅशियरला म्हणालो, "नोटा देताना लक्ष कोठे होते तुमचे?" वयाने माझ्याहून वीस वर्षांनी मोठा माणूस. त्याने काही न बोलता पाकीट काढले आणि पदरचे पैसे मोजू लागला. तेव्हा आमचे हेडक्लार्क म्हणाले, "थांबा. २७० ला नऊने भाग जातो. आकड्यांची अदलाबदल झालीय का, ते आधी बघू." व्हाउचरे काढली. एक व्हाउचर ३,९६० रुपयांचे होते आणि वहीत ३,६९० लिहिले गेले होते. रोकड बरोबर होती. वही चुकली होती. कॅशियरने पाकीट खिशात ठेवले, पिशवी उचलली आणि तो घरी गेला. मी त्याची क्षमा मागितली नाही. उद्या मागू असे म्हणता म्हणता महिने गेले आणि त्याची बदली झाली.

तूट रोकडीत दिसली म्हणून चूक रोकडीत नव्हती. दाब टर्बोने द्यायचा, म्हणून दाब कमी पडल्याचा दोष टर्बोचाच, हेही तसेच. आणि सर्व्हिसिंग आठ दिवसांपूर्वी झाली म्हणून चूक त्या मुलाची, हा माझा निष्कर्ष तर त्याहून कच्चा होता.

मी गाडी घेऊन उद्यमनगरात गेलो. मुलाने फोनचा विषयही काढला नाही. बॉनेट उघडण्याआधी त्याने प्रश्न विचारले. गाडी सपाट रस्त्यावरही ओढत नाही की फक्त चढावर? धूर कोणत्या रंगाचा? शिट्टीसारखा किंवा फसफस आवाज येतो का? ऑइल कमी होते का? मायलेज उतरले आहे का? शेवटच्या प्रश्नावर मी वही पुढे केली. त्याने ती लक्षपूर्वक पाहिली आणि म्हणाला, "काका, ही घसरण ऑगस्टपासूनची आहे. सर्व्हिसिंग ऑक्टोबरात झाली." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. माझी मान मात्र खाली गेली.

तरीही त्याने पहिल्यांदा स्वतःचेच काम तपासले. एअर फिल्टरचा डबा माझ्यासमोर उघडला, फिल्टर नीट बसला आहे का, सर्व क्लिपा लागल्या आहेत का, ते पाहिले. "माझा हात जिथं लागलाय, तिथून सुरुवात करायची," तो म्हणाला. मग इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली फिरवली आणि स्कॅनरवर दाबाचा आकडा पाहिला. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच. येथे हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो. सेन्सर तेवढाच दाखवत होता, म्हणजे सेन्सर खरे बोलत होता. पुढे आम्ही पन्हाळ्याच्या चढावर गेलो. गाडी मी चालवली, तो स्कॅनर पाहत होता. इंजिन मागत होते २१० आणि मिळत होते १४० च्या आत. आरशात मागे काळा धूर दिसला. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. निळा असता तर ऑइल जळत असल्याची ती खूण ठरली असती आणि टर्बोवरचा संशय बळावला असता.

गॅरेजमध्ये परतून, इंजिन निवल्यावर, त्याने टर्बोच्या तोंडाची नळी काढली आणि आतला दांडा बोटांनी हलवून दाखवला. "बाजूला किंचित हलतो, ते चालतं, तिथं तेलाचा थर असतो. पुढं-मागं हलायला नको आणि पाती कडेला घासायला नकोत." पाती स्वच्छ होती, घासल्याची खूण नव्हती. दाब आवरणाऱ्या झडपेचा दांडाही मोकळा फिरत होता. मग त्याने टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणारी नळी खालून हाताने चाचपली. हात बाहेर आला तो तेलकट, काळा. नळीतील हवेबरोबर ऑइलचा थोडा अंश असतोच. तो बाहेर झिरपला की त्यावर धूळ बसते.

खात्री करण्याची त्याची रीत कोणाही सायकलवाल्याला ठाऊक असलेली. नळीची दोन्ही तोंडे बंद करून त्याने बेताचा हवेचा दाब दिला आणि वरून साबणाचे पाणी ओतले. वळणाच्या खालच्या बाजूस बुडबुड्यांची रांग उठली. अर्ध्या बोटाएवढी चीर होती. शेजारच्या पट्टीवर घासून घासून रबर झिजले होते. इंजिन जागेवर चालू असताना दाब नसतो, त्यामुळे चीर मिटलेली राहते. चढावर दाब वाढला की तिचे तोंड उघडते. ती पाहायची तर खाली वाकून, हात काळे करूनच.

नवी नळी, दोन क्लॅम्प आणि मजुरी मिळून २,४०० रुपये झाले. घासणारी पट्टी त्याने वाकवून दूर केली. नाहीतर नवी नळीही त्याच वाटेने गेली असती. पुन्हा पन्हाळ्याचा चढ चढलो. मागितलेला आणि मिळालेला आकडा शेजारी शेजारी चालत होते. पैसे देताना मी त्याला म्हणालो, "त्या रात्री मी तुला जे बोललो ते चुकीचे होते. मला क्षमा कर." तो संकोचला. "काका, घाबरला होता तुम्ही. पोरगी होती ना गाडीत," एवढेच म्हणून तो दुसऱ्या गाडीकडे वळला.

वाचकहो, टर्बो कधीच बिघडत नाही, असे मी सुचवीत नाही. ऑइल वेळेवर न बदलल्यास किंवा त्याचा पुरवठा तुंबल्यास तो खरोखर जातो. अशा वेळी कारण न शोधता नवा बसवला तर तोही टिकत नाही. निळा धूर, ऑइलची घट आणि भोंग्यासारखा चढता आवाज ही लक्षणे एकत्र दिसली तर गाडी ताबडतोब थांबवावी. घाट चढून आल्यावर अर्धा-एक मिनिट इंजिन जागेवर चालू ठेवावे. तापलेल्या टर्बोतून तेवढा वेळ तेल फिरते आणि तो निवतो. चढावर गाडी एकदा जरी गळाली, तरी कारण सापडेपर्यंत कोणालाही ओलांडू नये. बंद करून पुन्हा चालू केल्याने दोष जात नाही, तो फक्त दिसेनासा होतो. आणि कोणी मोठा भाग बदलण्यास सांगितले तर नम्रपणे एकच विचारावे, "हे तुम्ही कसे तपासले?" ज्याने खरेच तपासले आहे त्याला या प्रश्नाचा राग येत नाही.

वहीत त्या दिवसाची नोंद आहे, 'टर्बोची नळी बदलली, रु. २,४००.' पुढच्या टाकीला मायलेज पुन्हा वीसवर आले, तेही लिहिले आहे. त्या कॅशियरचा पत्ता शोधण्याचा मी प्रयत्न केला. ते आता हयात नाहीत, असे जुन्या सहकाऱ्याकडून कळले. ती बाकी माझ्या नावे तशीच उभी आहे.