डोकं उडालेला डोंगर

चिनो, नागानो (जपान)

प्रिय सखे,


ज्वालामुखीच्या पायथ्याशी झोप कशी लागते, असं विचारलंस. लागते गं, छान लागते! खिडकीतून दिसणारी यात्सुगाताकेची रांग कित्येक शतकं गप्प आहे. दक्षिणोत्तर साधारण तीस किलोमीटर पसरलेली, मध्ये नात्सुझावाची खिंड. खिंडीच्या दक्षिणेला सुळकेच सुळके. त्यांत सर्वांत उंच आकादाके, २८९९ मीटर. उत्तरेला मात्र गोलसर माथे, सूचिपर्णी रान, शेवाळ आणि तळी. दक्षिणेकडचे ज्वालामुखी आधी थंडावले, म्हणून पाण्याबर्फानं त्यांना जास्त कोरलंय.

इथे एक दंतकथा सांगतात. फुजी उंच की यात्सुगाताके, यावरून वाद पेटला. दोघांच्या माथ्यांवर पन्हळ टेकवून पाणी सोडलं, तर ते वाहत गेलं फुजीकडे. हरलेल्या फुजीनं रागाच्या भरात यात्सुगाताकेचं डोकंच फोडलं आणि एका शिखराची अनेक झाली.

गंमत म्हणजे डोकं खरंच उडालंय, फक्त आरोपी वेगळा. सुमारे दोन-अडीच लाख वर्षांपूर्वी दक्षिणेकडच्या ज्वालामुखीचा मोठा भाग ढासळला आणि दगडमातीचा लोंढा थेट कोफूच्या खोऱ्यात उतरला. त्या ढिगाऱ्याला नदीनं कापून केलेला शिचिरीइवाचा लांबलचक कडा आजही आहे. रेल्वे त्या ढिगाऱ्याच्याच पठारावरून धावते. तिकिटाच्या पैशात भूविज्ञान!

आपल्या सह्याद्रीत बेसाल्टचा पातळ लाव्हा भेगांमधून निघून लांबवर पसरला, थरावर थर बसले. इथला अँडेसाइटचा लाव्हा काकवीसारखा चिकट. तो तोंडापाशीच साचतो, त्यावर राख आणि दगड पडतात आणि उभ्या उताराचा शंकू तयार होतो. आतली उष्ण वाफ आणि आम्लधर्मी पाणी खडकाची हळूहळू माती करतात. असा डोंगर कोसळायला उद्रेकाची गरज नसते, भूकंपाचा धक्का पुरतो. त्यात जपानच्या मुख्य बेटाला आडवी कापणारी इतोइगावा-शिझुओका भ्रंशरेषा आमच्या भागातूनच जाते.

भूकंपानं डोंगर ढासळल्याचा पुरावाही आहे. ८८७ सालच्या मोठ्या भूकंपात उत्तर भागातल्या डोंगराची बाजू घसरली, चिकुमा नदी अडली आणि प्रचंड तलाव तयार झाला. पुढच्या वर्षी तो बांध फुटून खालच्या वस्त्यांवर पूर आला. ढिगाऱ्यात गाडल्या गेलेल्या झाडांच्या वर्षवलयांवरून संशोधकांनी ते सालही पक्कं केलं. त्यामुळे मला विचारशील तर इथे आगीपेक्षा घसरणीची भीती जास्त खरी.

तरी पूर्ण निर्धास्त राहू नकोस. जपानच्या हवामान खात्याच्या हिशेबात गेल्या दहा हजार वर्षांत उद्रेक झालेला ज्वालामुखी जागाच धरतात. उत्तरेकडचा योकोदाके त्या यादीत आहे! बाकीची भावंडं मात्र सुटली.

ऑक्टोबरात ये. उत्तरेला रोपवे २२३७ मीटरपर्यंत नेतो, म्हणजे तुझ्या गुडघ्यांची सबब चालणार नाही. वर उतरलं की समोरच काळ्या लाव्हाचं त्सुबोनिवा. शेजारच्या शिमागारे डोंगरावर वाळलेल्या फर झाडांचे पांढरे आडवे पट्टे दिसतील. ते रोगानं मेलेलं रान समजू नकोस. म्हातारी झाडं पट्ट्यापट्ट्यानं मरतात, मागे रोपं वाढतात आणि पट्टा हळूहळू वर सरकतो. गरम कपडे आण, माझे तुला होणार नाहीत.

लोभ आहेच, तो वाढावा.
तुझी मैत्रीण