शाळेचें छप्पर

छत्तीस वर्षें मीं प्राथमिक शाळेंत शिकविलें. तेवढ्या अवधींत पुस्तकें बदललीं, परीक्षा बदलल्या. परंतु ज्या खोलींत बसून मुलानें शिकावयाचें ती खोली कशी असावी, हें कोणीं शिक्षकास विचारल्याचें मला आठवत नाहीं. आतां आमच्या गांवची जुनी शाळा पाडून नवी बांधावयाची आहे, आणि गांवकऱ्यांनीं तो प्रश्न मजपुढें ठेविला आहे. त्यांस जें सांगितलें तेंच येथें लिहितों.

सोलापुराकडील उन्हाळा ज्यांनीं अनुभविला आहे, त्यांस पत्र्याच्या शाळेचें वर्णन करावयास नको. फाल्गुन सरला कीं दुपारीं पत्रा असा तापतो, कीं खालीं बसलेल्या मुलांच्या माना पाढे म्हणतां म्हणतां लवूं लागतात. अशा मुलांस आळशी म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण तींच मुलें सकाळच्या शाळेंत कशीं तरतरीत असतात! पावसाळ्यांत त्याच पत्र्यावर सरींचा असा ताशा वाजतो, कीं मागच्या रांगेस गुरुजींचे केवळ ओंठ हलतांना दिसतात. दोष बुद्धीचा नव्हे, छपराचा.

आफ्रिका खंडांत बुर्किना फासो नांवाचा देश आहे. तेथील गांडो हें खेडें आमच्याहूनहि अधिक तापणारें. त्या गांवच्या मुखियाचा मुलगा दिएबेदो फ्रान्सिस केरे यास, गांवांत शाळा नसल्यामुळें, वयाच्या सातव्या वर्षीं शिक्षणासाठीं घर सोडावें लागलें. पुढें तो सुतारकामाच्या शिक्षणासाठीं जर्मनींत गेला, बर्लिन येथें स्थापत्य शिकूं लागला, आणि शिकत असतांनाच पैसे जमवून त्यानें गांवासाठीं शाळा बांधविली. ती इ. स. २००१ मध्यें पुरी झाली. मातीची इमारत टिकेल हें गांवकऱ्यांस प्रथम पटेना. पण अखेर आबालवृद्ध कामास लागले. मुलांनीं दगड आणले, स्त्रियांनीं पाणी वाहिलें. या शाळेस २००४ सालीं आगाखान पुरस्कार मिळाला, आणि २०२२ सालीं केरे यांस प्रित्झकर हा स्थापत्यांतील श्रेष्ठ पुरस्कार लाभला.

त्या शाळेची युक्ति सोपी आहे. भिंती थोडें सिमेंट मिसळून दाबलेल्या मातीच्या विटांच्या. वर्गावर विटांचेंच सच्छिद्र छत, आणि त्याच्या वर बरेंच अंतर सोडून पत्र्याचें दुसरें छप्पर. तापलेला पत्रा मुलांच्या डोक्यावर येतच नाहीं. उष्ण हवा हलकी, म्हणून ती छतांतून वर निघून मधल्या पोकळींतून बाहेर जाते, आणि खिडक्यांतून ताजी हवा आंत येते. पत्रा भिंतींच्या बाहेर पुष्कळ पुढें आल्यामुळें मातीस ऊन व पाऊस लागत नाहीं. हवा खेळविण्यास विजेची गरज नाहीं.

दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. तेथें तीन वर्ग ओळीनें आहेत, आणि दोन वर्गांमध्यें छपराखालची मोकळी जागा सोडली आहे. तेथें शिकवावें, मुलांनीं खेळावें, सावलींत बसावें. ही कल्पना आपणांस परकी वाटूं नये. एकत्र कुटुंबांतील ओसरी कोणत्या कामाची, असें कोणीं विचारल्यास काय उत्तर द्याल? सकाळीं मुलांचा अभ्यास, दुपारीं वडिलांची वामकुक्षि, सायंकाळीं परवचा, लग्नकार्यांत पंगत! चौसोपी वाड्यांत जागेवर कोणाचें नांव लिहिलेलें नसे. कामाप्रमाणें जागा बदले.

शाळेस तर याची अधिकच गरज आहे. इ. स. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यांत पहिली ते पांचवीच्या साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितले आहेत. म्हणजे लहान गांवांत दोघांनीं पांच इयत्ता सांभाळावयाच्या. एक इयत्ता मोठ्यानें वाचीत असतां दुसरीनें त्याच चार भिंतींत गणित कसें करावें? रुंद पडवी असेल तर वाचणारीं मुलें तेथें बसतील; मध्यें सरकता पडदा असेल तर दोन खोल्यांची एक करतां येईल.

गांवांत मतभेद आहे. तरुण मंडळींस सिमेंटचा स्लॅब व भरपूर पंखे हवे आहेत. माती म्हणजे गरिबी, असें त्यांस वाटतें. त्यांचें म्हणणें मी तुच्छ लेखीत नाहीं; माळवदाची गळती व दरवर्षींची डागडुजी त्यांच्या आयांनीं सोसली आहे. पण उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो, आणि वीज गेली कीं पंख्याचा उपयोग काय? म्हणून माझी सूचना एवढीच: गांडोची नक्कल नको, तत्त्व घ्यावें. इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम असावी आणि खिडक्या उत्तर-दक्षिणेस. कारण सकाळ-सायंकाळचें तिरपें ऊन छज्जानें अडत नाहीं. छप्पर दुहेरी असावें, वरच्या अंगास चुन्याचा पांढरा हात द्यावा. आणि पडवी वर्गाइतकीच रुंद असावी. खर्च वाचविण्यासाठीं प्रथम तीच कापली जाते, म्हणून हें विशेष आग्रहानें सांगतों.

पुढच्या महिन्यांत ग्रामसभा निर्णय करील. इमारत एकदां उभी राहिली म्हणजे दोन पिढ्या तींत बसणार. त्यांतल्या कोणत्याहि मुलाच्या कपाळीं केवळ छपरापायीं 'मठ्ठ' हा शिक्का बसूं नये, इतकेंच मागणें आहे.